हाताची दहा मिनिटं

गिटार मी सोडणार नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे वाचताना कोणी उगाच आस लावून बसायला नको. सोड म्हणणारे काही कमी झाले नाहीत. सासू झाली, जाऊ झाली, शेजारच्या काकू झाल्या, एक चांगला शिकलेला डॉक्टर झाला, आणि एकदा तर गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेला माणूस माझा बांधलेला हात पाहून म्हणाला, "ताई, असले नाद या वयात नाही झेपत." मी म्हटलं, "तुम्ही बर्नर पाहा." त्याने बर्नर पाहिला.

माझं सासर सानगडीचं. घरी धानाची शेती, बाजारात खत-बियाण्याचं दुकान. दुकान नवरा सांभाळतो, शेती सासरे सांभाळतात आणि राहिलेलं सगळं मी आणि जाऊ. माहेर जवाहरनगरचं. वडील फॅक्टरीत होते, आम्ही क्वार्टरात वाढलो. तिथे कुठून कुठून आलेली माणसं राहायची. आमच्या मागच्या ओळीतले एक काका गणपतीत गिटार वाजवायचे. सातवीत असताना मी वडिलांना म्हटलं, मलाही ती शिकायची आहे. वडील हसले, काकाही हसले, आणि मला भरतकामाच्या क्लासला घातलं. त्या क्लासात केलेला मोर अजून माहेरच्या भिंतीवर आहे. त्याला एकच पाय आहे. दुसरा मी मुद्दाम केला नाही.

या घरात गिटार आली ती मुलीमुळे. अकरावीत असताना तिने हट्ट करून घेतली, सहा महिने वाजवली आणि नागपूरला कॉलेजला गेली तेव्हा कपाटावर टाकून गेली. "आई, फक्त उंदरांपासून जप," एवढं सांगून गेली. मी जपली. एक दिवस पुसायला खाली काढली आणि पुसता पुसता एक तार वाजली. मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते. मी दार लावून घेतलं आणि ती तार परत वाजवली.

शिकवायला मोबाइल होता. त्यातला मास्तर टोपी घालून बसायचा आणि दर धड्याच्या शेवटी सांगायचा, बोटं दुखली तरी थांबू नका, दुखणं म्हणजे प्रगती. मला हे फार पटलं. सकाळी स्वयंपाकाआधी दीड तास, दुपारी सगळे लवंडले की दोन तास, दिवेलागणीच्या आधी आणखी दीड तास. चाळिशीला टेकलेल्या माणसाला घाई असते, पंधरा वर्षांच्या पोरीसारखं रमतगमत शिकायला वेळ कुठला? बोटांच्या टोकांना फोड आले, ते फुटले, त्यावर घट्टे पडले. सासूबाई अंगणात भाजी निवडत ऐकायच्या.

"काय वं, सकाळपासून एकच एक ट्यांव ट्यांव करून राहिली. गाणं कधी येईन?"

"येईल आई."

"मी आहो तवर येईन का?"

आलं. दोन वर्षांनी बरीच गाणी आली. सासूबाई ती गुणगुणायलाही लागल्या, पण मी स्वयंपाकघरात शिरले की गप्प व्हायच्या. मला कळू द्यायचं नव्हतं ना.

आता खरी गोष्ट. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, बाजार लागतो आणि गावाचं नाटक होतं. नाटक नसेल तर त्या मंडईला कोणी मंडई म्हणत नाही. वादक बसतात ते स्टेजच्या पुढे, सगळ्या गावाच्या नजरेसमोर. आमच्या मंडळात पेटी वाजवणारे बुवा गावातलेच, तबलाही गावातलाच, पण गिटारवाला दरवर्षी वडशाहून आणावा लागायचा. नाटक बसवतात ते शाळेतून रिटायर झालेले गुरुजी. गेल्या जूनमध्ये ते सासऱ्यांकडे काही कामाने आले आणि चहाचा कप हातात तसाच धरून थांबले.

"कोण वाजवून राहिलं?"

"सून," सासरे म्हणाले. चोरी पकडल्यासारखा आवाज होता त्यांचा.

गुरुजींनी मला बाहेर बोलावलं. "मंडईले बसशीन का, बाई? चौदा गाणे हायेत. पोळ्यापर्यंत बसले पाह्यजेत, नाही त मंग मी वडशाले फोन लावतो."

मी हो म्हटलं. सासऱ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. गावची सून वादकांमध्ये बसली आहे असं सानगडीत तोवर झालेलं नव्हतं, आणि मला ते करायचं होतं. का करायचं होतं म्हणून विचाराल तर दुसरं कारण नाही. मला वाजवायचं होतं, आणि लपून वाजवायचा कंटाळा आला होता.

पोळ्याला दोन-अडीच महिने होते. पाच तासांचे मी सहा केले. आणि नेमका त्याच वेळी रोवणा लागला.

ज्यांनी रोवणा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. धानाची रोपं, आम्ही त्यांना पऱ्हे म्हणतो, उपटून त्यांच्या पेंड्या बांधतात. त्या पेंड्या चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या तुकड्यात, ठिकठिकाणी फेकून ठेवतात. मग बाया ओळीने वाकतात. डाव्या हातात पेंडी, अंगठ्याने दोन-तीन काड्या सुट्या करायच्या, उजव्या हाताने चिखलात खोवायच्या आणि मागे सरकायचं. सकाळपासून दिवस कलेपर्यंत हेच. दिघोरीकडून बायांची टोळी गाडीने यायची आणि एखादी बाई कमी पडली की मी उतरायची. ओळीत एक मान असतो. पाय धुऱ्याला, म्हणजे बांधीच्या कडेला, लागेपर्यंत जी उभी राहत नाही ती पक्की. मधेच कोणी कमरेवर हात ठेवून ताठ झाली की बाकीच्या ओरडतात, "आली वं नवरी, आली!"

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी चार वेळा उभी राहिले होते. क्वार्टरातली पोरगी, चिखल कधी पाहिला नव्हता. चारही वेळा सगळी बांधी हसली. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की यापुढे मेले तरी मधे उभी राहणार नाही. आणि नाही राहिले, वीस वर्षं. मी सगळ्यात मोठी पेंडी उचलायची, म्हणजे ती लवकर सरायला नको आणि उठायला नको. याचा मला फार माज होता. खोटं कशाला बोलू?

तोच माज घेऊन मी गिटारीपुढे बसायची. जमिनीवर मांडी, मान खाली, पाठ वाकलेली, नजर डाव्या हातावर, आणि गाणं बसेपर्यंत उठायचं नाही. दिवसभर रोवणा करून आले तरी हात धुऊन बसायची. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी ठणका लागला तेव्हा मी खूश झाले. टोपीवाल्या मास्तराने सांगितलं होतं ना, दुखणं म्हणजे प्रगती! मग मनगट धरलं. मग सकाळी उठल्यावर बोटांना मुंग्या यायला लागल्या. एक बोट आडवं टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या असतात, ते आलं की डोळ्यांत पाणी यायचं. मी एरंडाचं पान गरम करून बांधलं, वरून फडकं आवळलं आणि तसंच वाजवलं. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळे एकच म्हणाले असते.

एका दुपारी वरणाचा गंज चुलीवरून उतरवत होते. डाव्या हाताची पकड गेली. गेली म्हणजे गेलीच, हात माझा राहिलाच नाही. गंज पायाजवळ पडला, वरण भिंतीपर्यंत उडालं. सासूबाई धावत आल्या. "माय वं! भाजली का?" भाजले नव्हते. पण मी खाली बसून हाताकडे पाहत राहिले, आणि खरं सांगते, मी घाबरले. पहिल्यांदा वाटलं की मंडईचं सोडा, हा हात परत तारेवर जाणारच नाही.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर हुशार होता, नाही म्हणत नाही. अंगठा वळवून पाहिला, मनगट वाकवून पाहिलं आणि विचारलं, "दिवसभर हाताने काय काय करता?"

मी सांगितलं. कणीक मळते, नऊ माणसांची. भांडी. कपडे, त्यात चादरी पिळते. दळण निवडते, पाण्याचे गुंड उचलते, सध्या रोवणा आहे. आणि गिटार वाजवते.

तो तिथेच अडकला. "गिटार? किती वेळ?"

"सहा तास."

"मग प्रश्नच मिटला," तो नवऱ्याकडे पाहून म्हणाला. "गिटार बंद करा."

"आणि बाकीचं?" मी विचारलं.

"बाकीचं जपून करा."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एवढी मोठी यादी सांगितली, त्यातून या शहाण्या माणसाने बरोबर एकच गोष्ट काढली, आणि ती एकच माझी होती! चादरी जपून पिळा म्हणे. नऊ माणसांची कणीक जपून मळा म्हणे. औषधाची चिठ्ठी घेऊन आम्ही निघालो. नवऱ्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी सुरू केली. त्याला कळलं होतं की आता बोलण्यात अर्थ नाही.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "काय म्हणे डॉक्टर?"

"गिटार बंद करा म्हणे."

"पाह्य! मी काय सांगून राहिली होती? देवमाणूस होय तो."

मी चप्पल काढली आणि ओसरीवर सगळ्यांसमोर बोलले. सासरे होते, दीर होते, जाऊ होती. म्हटलं, "हात एक आहे. त्यातलं काहीतरी कमी करायचं आहे, हे मला कबूल आहे. तर आजपासून मी चादरी पिळणार नाही. कणीक मळणार नाही. रोवण्याला उतरणार नाही. गिटार वाजवणार."

"बह्याड झाली का तू?" सासूबाई म्हणाल्या. "लोक काय म्हणतीन?"

"लोकांना म्हणा, या चादरी पिळायला."

 जाऊ तोंड फिरवून आत गेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून पाहते तर नवरा अंगणात बनियनवर उभा, आणि चादरीचं एक टोक खुंट्याला अडकवून दुसरं टोक पिळतो आहे. शेजारच्या काकू कुंपणावर लटकून पाहत होत्या. तो म्हणाला, "काय पाहून राहिल्या, काकू? पाणी निघते न, माझ्या हातानं बी निघते." या माणसाने वीस वर्षांत मला कधी शब्दाने प्रेम सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही सांगितलं नाही.

कणीक मात्र जावेवर गेली. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही आणि तिचं बरोबर होतं. माझं ओझं उचलून तिच्या हातावर ठेवायचं, मग मी आणि तो डॉक्टर वेगळे कसे? शेवटी दिराला परातीपुढे बसवला. त्याच्या पहिल्या आठवड्याच्या पोळ्या सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ल्या.

आधी हात निवू दे म्हणून आठ दिवस मी गिटारीला शिवले नाही. दुखणं उतरलं. नवव्या दिवशी बसले, पाऊण तासात अंगठा पुन्हा पेटला. चादरी नव्हत्या, कणीक नव्हती, रोवणा नव्हता. फक्त मी आणि गिटार. म्हणजे डॉक्टर अगदीच चुकला नव्हता, आणि हेच मला सहन झालं नाही. मी रडले. दुःखाने नाही, रागाने. पोळ्याला महिना उरला होता आणि सहा गाणी बाकी होती.

त्या दुपारी पाऊस एवढा झोडपत होता की टोळीने काम थांबवलं. आमची मोठी बांधी घराच्या मागेच आहे, तर सगळ्या बाया आमच्या छपरीत येऊन बसल्या. मी आत पुन्हा वाजवून पाहत होते. टोळीतली सगळ्यात म्हातारी बाई, सासूबाई या घरात नवरी होऊन आल्या तेव्हापासून आमच्याकडे रोवणारी, दारात येऊन उभी राहिली. लुगड्यातून पाणी गळत होतं. बराच वेळ पाहून म्हणाली,

"काहून वं बाई, ते पळून जाते का?"

"काय, मावशी?"

"हे लाकूड. केवढं आवळून धरलं तू! काड्या असत्या त मेल्या असत्या." मग तिने माझ्या पाठीकडे बोट केलं. "अन् हे काय? वाकली, मुंडी खाली, हातावर डोळे. हे त तू रोवणाच करून राहिली. तोही नव्या बाईचा. नवी बाई हाताकडे पाहते, म्हणून तिची मान धरते. हाताले माहीत असते आपलं काम. त्याले करू दे."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी म्हटलं, "मावशी, मी वीस वर्षं तुमच्या ओळीत आहे. एकदाही मधे उभी राहिले नाही."

"मले माहीत हाय न. पेंडी केवढी घेत होती तू?"

"मोठी. घडीघडी उठायला नको म्हणून."

ती हसली. दोनच दात आहेत तिला, पण काय हसली! "मी सदा लहान घेतली. लहान पेंडी लवकर सरते. सरली का दुसरी आणाले उठा लागते. उठलं का कमर सरळ होते, हात मोकळा होते. अन् कोणी नवरी म्हणत नाही, काहून का आपण त पेंडी आणाले उठलो." तिने आवाज खाली आणला. "आमी सगळ्या बुढ्या असंच करतो. तुले कोणी सांगतलं नाही का?"

नव्हतं सांगितलं. वीस वर्षं मी त्या बायांच्या शेजारी वाकले. त्या दर थोड्या वेळाने पेंडी आणायला जायच्या, आणि मी मनात म्हणायची, पाहा कशा थकल्या. थकत मी होते. त्या माझ्या आईच्या वयाच्या होत्या आणि अजून रोवत होत्या, आणि माझा हात चाळिशीत बसला होता.

दुसऱ्या दिवसापासून मी सगळं बदललं. जमीन सोडली, बिनहातांची खुर्ची घेतली, डाव्या पायाखाली पाट. समोर आरसा ठेवला, म्हणजे पाठ वाकली की दिसेल. नागपूरहून मुलीकडून बारीक तारा मागवल्या. बसायच्या आधी हात कोमट पाण्यात. आणि एक खेळ केला: वाजवता वाजवता मधेच अंगठा सोडून द्यायचा, गिटारीच्या मानेला त्याने शिवायचंच नाही. पहिल्या दिवशी वाटलं गिटार खाली पडेल. पडली नाही. मग एवढी वर्षं मी कशाला आवळत होते? वीस मिनिटं वाजवायचं, दहा मिनिटं हात मांडीवर सोडून बसायचं. मास्तराची टोपी मी मोबाइलमधून काढून टाकली. सहा तासांचे तीन झाले.

ती दहा मिनिटं सगळ्यात जड गेली. वाजवणं सोपं, काही न करता बसणं महाकठीण. घरातली बाई जागी आहे, धडधाकट आहे आणि नुसती बसली आहे, हे दृश्यच आमच्याकडे कोणी पाहिलेलं नाही. सासूबाई लसणाचं ताट घेऊन आल्या. "बसलीच हायेस त सोलून दे."

"मी नाही बसले, आई. हात बसला आहे."

त्या ताट घेऊन परत गेल्या. जाताना काहीतरी पुटपुटल्या, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पोळ्याला चौदापैकी बारा गाणी बसली होती. गुरुजींनी ऐकली, मान डोलवली आणि म्हणाले, चालते, दोन तालमीत बसतीन. मी तिथेच सांगितलं की माझी एक अट आहे. वीस मिनिटं झाली की दहा मिनिटं माझा हात थांबेल. "हाव हाव," म्हणत ते सायकलवर बसले. त्यांनी ऐकलं नव्हतं, हे मला तेव्हाच समजलं होतं.

तालमी शाळेच्या व्हरांड्यात, रविवारी दुपारी. गाणी लहान लहान असल्यामुळे सुरुवातीला माझं कसंबसं निभत गेलं, मधे प्रवेश यायचे आणि हाताला उसंत मिळायची. शेवटच्या तालमीला मात्र नायकाचं घोडं अडलं. त्याच्या प्रवेशाच्या गाण्यात तो दर वेळी एक मात्रा आधी घुसायचा. पुन्हा. पुन्हा. पाचव्यांदा. गुरुजी टेबलावर ताल देत होते, घाम पुसत होते. अर्धा तास उलटून गेला. माझ्या अंगठ्याच्या बुडाशी ती ओळखीची कळ आली, मग करंगळीला बारीक मुंगी.

मी गिटार मांडीवर आडवी ठेवली.

"काहून थांबली?" गुरुजी म्हणाले. "फक्त अजून एकदा."

"दहा मिनिटं, गुरुजी. मी सांगितलं होतं."

"मंडई चार दिवसांवर हाय, बाई!"

"म्हणूनच."

नायक चिडलेला होताच. चूक त्याची, आणि थांबली मी. म्हणाला, "इतकं नाजूक असन त वडशाहून आणा न, गुरुजी. दरवर्षी आणतच होतो. तो काही मधात हात चोळत बसत नाही."

 गुरुजींनी खरंच खिशातून मोबाइल काढला.  दोन वर्षं, फोड, घट्टे, चादरी, दिराच्या पोळ्या, सगळं त्या मोबाइलपाशी येऊन थांबलं होतं. आणखी एकदा वाजवलं असतं तर काय बिघडलं असतं? तसं आणखी एकदा, आणखी एकदा करतच तर वरणाचा गंज पडला होता. मला मंडई हवी होती, फार हवी होती. पण मंडईनंतरचा हातही हवा होता.

"लावा फोन," मी म्हटलं.  "तो येईपर्यंत मी इथेच बसते. दहा मिनिटं झाली की वाजवते. आला तर उठते."

गुरुजी मोबाइलकडे पाहत राहिले. तेवढ्यात पेटीचा भाता बंद झाल्याचा आवाज आला. बुवांनी पेटी पुढे सरकवली. सत्तरीचा माणूस, तालमीत एरवी एक शब्द न बोलणारा. त्यांनी डावा हात वर उचलायचा प्रयत्न केला. तो खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"एवढाच जाते," ते म्हणाले. "पंधरा वर्ष झाले. सदरा घालाले घरच्याले बोलवा लागते." त्यांनी हात उजव्या हाताने धरून खाली ठेवला, अगदी सावकाश. "जलमभर भाता मारला गा, गुरुजी. थांबता येते म्हणून कोणी सांगतलंच नाही."

 नायक खांबाकडे पाहायला लागला. तबलजी पाय लांब करून भिंतीला टेकला. मोबाइल केव्हा खिशात गेला ते मी पाहिलं नाही, पण गेला.

बुवा माझ्याकडे वळले. "किती मिनिटं झाले, बाई?"

"चार."

"म्हणजे अजून सहा हायेत," ते म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.

"सुरू करू का आता?" गुरुजींनी थोड्या वेळाने हळूच विचारलं.

"नाही," मी म्हटलं, आणि आम्ही सहाच्या सहा मिनिटं बसलो.